हाताशी बोलायला शिकवणाऱ्या हेमाताई

डॉ. हेमलता धुरी यांची माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझं बोलणं मधेच तोडलं होतं. चाळीसेक वर्षं मी महाविद्यालयात शिकवलं, मुलुंड-घाटकोपरच्या व्याख्यानमालांतून बोललो, मोर्चांपुढे बोललो. मला मधे थांबवणारी माणसं कमी भेटली. हेमाताईंनी थांबवलं, आणि तेही चार शब्दांत.

माझ्या थोरल्या भावाला, सदानंददादाला, पक्षाघाताचा झटका येऊन तेव्हा काही महिने झाले होते. जीव वाचला, वाचा वाचली, पाय हळूहळू टेकू लागला. उजवा हात मात्र मूठ वळून छातीशी चिकटून बसला. कोणीतरी हेमाताईंचं नाव सांगितलं. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं फिजिओथेरपीचं केंद्र आहे. दादाला घेऊन मी तिथे गेलो आणि आत शिरल्या शिरल्या भाषण सुरू केलं. आमचा दादा किती खंबीर आहे, गिरणी बंद पडली तेव्हाही तो डगमगला नाही, त्याची इच्छाशक्ती किती दांडगी आहे, तुम्ही फक्त मार्ग दाखवा, बाकीचं तो मनाच्या बळावर करील, वगैरे. हेमाताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, बाही वर करा."

"माझी?"

"तुमचीच. पेसमेकर आहे का? फिट येतात? नाही ना? मग करा वर."

त्यांनी माझ्या उजव्या हातावर, कोपराच्या खालच्या बाजूला, दोन चिकटपट्ट्या लावल्या. पट्ट्यांच्या वायरी तळहाताएवढ्या एका यंत्राला जोडलेल्या होत्या. "मूठ घट्ट आवळा," म्हणाल्या. मी आवळली. आधी मुंग्या आल्या, मग स्नायूला कोणीतरी आतून ओढल्यासारखं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी मूठ उघडली. मनगट वर उचललं गेलं, बोटं ताठ झाली. मी उघडली नव्हती. मी आवळून धरायचा प्रयत्न करत होतो.

वाचकहो, माणूस आपल्या मनाचा मालक आहे हे मी शेकडो व्यासपीठांवरून सांगितलं आहे. आजही सांगेन. पण माझाच हात मला न विचारता उघडला, तेव्हा अंगावर जो काटा आला तो कुठल्याही ग्रंथाने आणला नव्हता. आपल्या कातडीच्या आत एवढं मोठं काहीतरी रोज चालतं, आणि आपण त्याला 'हात हलवला' एवढंच म्हणून सोडून देतो!

हेमाताईंनी यंत्र बंद केलं. "आता तुम्ही स्वतः उघडा." मी उघडली. "जमलं? आत्ता तुम्ही जे केलंत ना, ते यांना जमत नाहीये. इच्छा यांच्याकडे तुमच्याएवढीच आहे, कदाचित जास्त. मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाहीये. स्नायू जिवंत आहे, तो वाट बघतोय. म्हणून यांना 'मनावर घे, मनावर घे' असं घरात कोणी म्हणायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

ही त्यांची पद्धत आहे. रुग्णाला पट्ट्या लावण्याआधी बरोबर आलेल्या नातेवाइकाला लावायच्या. मुलगा असो, सून असो, बायको असो, ज्याला लावणं सुरक्षित आहे त्या प्रत्येकाला. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टनाही यातून सुटका नाही. अंधेरीतल्या एका झगमगीत केंद्राने त्यांना प्रमुख म्हणून बोलावून नेलं होतं. तिथे नातेवाइकांना पट्ट्या लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं ठरलं. हेमाताईंनी वाद घातला नाही. पर्स उचलली आणि मुलुंडला परत आल्या. याला मी निष्ठा म्हणतो. व्यासपीठावर हा शब्द मी फार वेळा उच्चारला आहे. आचरणात आलेला असा क्वचितच पाहिला.

दादाचं खरं दुखणं काय होतं, तेही त्यांनीच ओळखलं. आम्ही कुडाळकडचे. आमच्या घरात पंगतीला बसणं म्हणजे नुसतं जेवण नसतं. थट्टा, भांडण, मनधरणी सगळं तिथेच होतं, आणि दादा या पंगतीचा राजा. झटक्यानंतर वहिनी त्याला भरवू लागल्या. ते त्याला सोसेना. मग तो नाहूरच्या घरातल्या आतल्या खोलीत, दार लोटून, डाव्या हाताने चमच्याने जेवू लागला. कोणी आलं की म्हणायचा, भूक नाही. हळूहळू लोक यायचे कमी झाले. आमच्या समाजात अशी किती माणसं आतल्या खोल्यांत बसली आहेत! आजारापेक्षा लाजेने बसली आहेत, आणि आपण बाहेरच्या खोलीत "देवाची मर्जी" म्हणत टीव्ही बघतो. मला याची चीड आहे आणि ती चीड मी लपवणार नाही.

हेमाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दादानू, ह्या हातान तुमका पयला काय करूचा आसा?" त्याही आमच्याच मुलखातल्या, धुरी. आपली बोली ऐकल्यावर दादा कितीतरी दिवसांनी मान वर करून बोलला. "जेवूचा आसा, गो बाय. चार माणसांत बसान."

"मगे जेवणावरच काम करूया."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर चुरमुऱ्यांची परात आली.

त्यांच्या त्या खोलीत एकदा जाऊन यावं. माणसं आपापल्या हातांशी, पायांशी बोलत असतात. हेमाताईंचा नियम असा की वीज नुसती आली आणि हात हलला, तर त्याला व्यायाम म्हणायचं नाही. रुग्णाने आधी स्वतः प्रयत्न करायचा, हाताला मोठ्याने हुकूम द्यायचा, आणि त्या क्षणी चांगल्या हातातलं बटण दाबून विजेला मदतीला बोलवायचं. मनाचा प्रयत्न आणि विजेची मदत एका वेळी घडली, पुन्हा पुन्हा घडली, आणि कामाच्या वस्तूवर घडली, तर मेंदूला नवी वाट सापडण्याची शक्यता वाढते, असं त्या समजावून सांगतात. शक्यता. हा शब्द त्या कधी गाळत नाहीत. तर त्या खोलीत एक गुजराती आजी आपल्या पायाला "चाल ने, दीकरा" म्हणत असतात, एक रिक्षावाले भाऊ "खुल जा यार, कितना भाव खायेगा" म्हणून बोटांना विनवत असतात, आणि कोपऱ्यात आमचा दादा.

"उघड, मेल्या! किती निजतलंस? सासुरवाडीक इलंस काय?"

"दादानू, शिवी नको. हात रुसतलो."

"रुसांदे. तेका दुसरो बाप खंय आसा?"

सगळी खोली हसायची. हसता हसता दादाची मूठ चुरमुऱ्यांवर उघडायची, वीज थांबली की बोटं चुरमुऱ्यांभोवती मिटायची. पाहताना मला दर वेळी वाटे की आपण एखाद्या गाभाऱ्यात उभे आहोत. मी देव मानणारा माणूस नाही. पण विस्मयाने हात जोडावेत अशी जागा मला सापडली आहे, आणि ती मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर आहे.

हेमाताईंच्या खरेपणाविषयी बोलायचं तर मला त्यांची एक चूक सांगावी लागेल. साठीच्या अशा गौरवग्रंथात चूक सांगू नये असा संकेत आहे. मी तो मोडतो, कारण या चुकीतूनच त्या मला पुऱ्या दिसल्या.

आमच्या वहिनी पहिल्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळा बरा झाल्यावर त्या एकदा दादाबरोबर केंद्रात गेल्या. त्या दिवशी खोली भरलेली होती. हेमाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पट्ट्या लावायच्या राहून गेल्या. वहिनींना वाटलं, नवऱ्याच्या हाताला चिकटवलंय ते शेक देण्याचं काहीतरी असेल. आणि मग त्यांनी पाहिलं की मिटलेली मूठ उघडली, चुरमुरे उचलले गेले. वहिनी ढसाढसा रडल्या. घरी येईपर्यंत त्यांनी भांडुपच्या चुलतभावाला, मानखुर्दच्या मामांना, गावी कुडाळला, सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, ह्यांचा हात चालू झाला! येत्या रविवारी सत्यनारायण. जेवायला या.

दादाने मला बोलावून घेतलं. पुन्हा त्याच आतल्या खोलीत, दार लोटून. "मशीन काढला की मूठ परत बंद, ह्या तिका कोणी सांगूचा? तिचो चेहरो बघून माझ्या तोंडातसून शब्द फुटलो नाय. रविवारी सगळे माझ्या हाताकडे बघीत बसतले. मी जेवूक बसणार नाय. आणि त्या बायकडेही आता जाणार नाय. पुरे झाला."

त्याच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेला असता. त्यात राग नव्हता. माणूस कायमचा आतल्या खोलीत जायला निघाला होता, आणि उंबऱ्यावर मला निरोप देत होता.

मी हेमाताईंना फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, पूजा रद्द करतो, काहीतरी कारण काढतो. त्या म्हणाल्या, "कारण काढू नका, सर. वहिनींना मी पट्ट्या लावायला हव्या होत्या. चूक माझी आहे, ती मी निस्तरते. पूजा होऊ दे."

रविवारी हेमाताई नाहूरला आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी काळ्या वाटाण्याचं सांबारं ढवळत होत्या. "वहिनी, माझी चूक झाली," हेमाताईंनी सरळ सुरुवात केली. केवढ्या अनुभवाची बाई! दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तुमचा गैरसमज झाला. त्यांनी वहिनींना गॅसपासून बाजूला घेतलं, हाताला पट्ट्या लावल्या, यंत्र चालू केलं. वहिनींची बोटं उघडली आणि हातातला डाव टणकन खाली पडला.

"अगो बाय! हो हात कोणी उघडलो?"

"मी. विजेन. त्या दिवशी दादांचोय असोच उघडलो."

वहिनी बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "म्हणजे ते काय्येक करणत नाय?"

"विजेच्या आधी ते स्वतः प्रयत्न करतत. तो दिसणा नाय, वहिनी. पण सगळ्यात मोठा काम ताच आसा."

वहिनींनी डोळे पुसले, डाव उचलून मोरीत ठेवला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भरल्या घरात स्वतः सांगितलं, "ऐका रे. ह्यांचो हात अजून बरो झालो नाय. माका समाजला नाय, मी घाई केलंय." एवढं धैर्य मी मोठमोठ्या पुढाऱ्यांत पाहिलेलं नाही.

माणसं नजरेनेच चपला शोधू लागली. हेमाताई म्हणाल्या, "आता आलाच आहात, तर पहिला कोण बसतंय?" आणि यंत्र पुढे धरलं.

भांडुपचा आमचा चुलतभाऊ भिकाजी, कुठल्याही समारंभात पहिला आवाज त्याचा. आल्या आल्या त्यानेच आतल्या खोलीच्या दारात बसलेल्या दादाला "आज वडो मोडून दाखवूक होयो हां!" असं चिडवलं होतं. तो ऐटीत बसला. हेमाताईंनी मूठ आवळायला सांगितली आणि वीज सोडली.

"आयला! कोण उघडता माझी मूठ? मी सोडूक नाय!"

"धरा ना घट्ट," हेमाताई म्हणाल्या.

"धरतंय तर! ऐकणा नाय!"

घर हसून लोटपोट झालं. मग एकेक जण पुढे आला. ऐंशी ओलांडलेले मामाही सरसावले. त्यांना पेसमेकर आहे म्हणून हेमाताईंनी हात जोडून नकार दिला, तेव्हा ते चक्क रुसले. "सगळ्यांका दिलास आणि मामाक नाय? मगे माका जेवणसुद्धा नको!"

भिकाजी मात्र हसायचा थांबला होता. तो दादाजवळ जाऊन बसला. "सदा, तुका रोज असा होता?"

दादा म्हणाला, "तुझ्या उलट. तुझो हात तुका नको होतो तरी उघडलो. माझो माका होयो आसता, तरी उघडणा नाय."

एवढं एक वाक्य. मी आयुष्यभर बोलून जे कोणाला सांगू शकलो नाही, ते माझ्या भावाने एका दमात सांगितलं, आणि या वेळी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याचा अर्थ आधीच पोचलेला होता. ते काम हेमाताईंनी करून ठेवलं होतं.

पंगत बसली. दादा बसला, मधोमध. हेमाताई त्याच्या उजव्या बाजूला बसल्या, हाताला पट्ट्या लावल्या, आणि सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं: टाळ्या नकोत, "शाब्बास" नको, आपापल्या पानाकडे बघा. दादाने डाव्या हातात बटण घेतलं. "उघड, मेल्या," तो हळूच म्हणाला. त्या दिवशी शिवीतही आर्जव होतं. मूठ वरणभातावर उघडली. मग मिटली. हेमाताईंनी दोन बोटांचा आधार कोपराखाली दिला आणि हात वर गेला, थरथरत, वाटेत अर्धा भात सांडत. उरलेला तोंडात गेला.

सगळे आपापल्या पानाकडे बघून जेवत होते. वहिनी वाढत होत्या. त्या दादाच्या पानापुढे आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आणखी घालू?"

"घाल," दादा म्हणाला. "आणि वडो खंय आसा?"

दादा त्यानंतर आतल्या खोलीत जेवला नाही. सुरुवातीला यंत्रासकट, मग अधूनमधून यंत्राशिवाय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता त्याच्या हुकमात आहेत. हात पूर्ववत झालेला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हेमाताई हा लेख वाचतील आणि तसं लिहिलं नाही तर मला फोन करतील. "एका महिन्यात पूर्ण बरे व्हा" अशा पाट्या लावून तेलं विकणाऱ्यांच्या या शहरात, एक बाई प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी सांगते की सगळ्यांनाच याचा सारखा फायदा होत नाही, तुम्हाला किती होईल हे मला आज माहीत नाही, आपण मिळून बघू. आणि तरीही माणसं तिच्याकडे येतात, टिकतात, घाम गाळतात. खोट्या आशेपेक्षा खरी सोबत जास्त बळ देते, हे मी त्यांच्याकडे शिकलो.

ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे त्या स्वतः जातात. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर एक मावशी आहेत. पाऊल उचलताना बोटं जमिनीला घासायची, म्हणून घराबाहेर पडणं सुटलं होतं. हेमाताई सुट्टीच्या दिवशी बसने तिथे जात, यंत्राची बॅटरी चार्ज करून नेत. मी एकदा बरोबर गेलो होतो. आधी मावशींच्या सुनेच्या पायाला पट्ट्या लागल्या, मग शेजारणीच्या. मावशी खाटेवर बसून दोघींची फजिती बघत पोट धरून हसत होत्या. नंतर त्या अंगणात शेळीच्या दावणीपर्यंत चालल्या. हेमाताई मागे एक पाऊल अंतर ठेवून होत्या. हात पुढे केलेले, पण स्पर्श न करता.

यंदा हेमाताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना चांगलं आरोग्य लाभो, त्यांची पाठ आणि गुडघे त्यांना कधी दगा न देवोत, आणि त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक उपनगरात अशा बोलक्या खोल्या उघडाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा. ताई, तुमचं आयुष्य मोठं असो असं मी म्हणतो तेव्हा त्यात आमचा स्वार्थ आहे, आणि तो मान्य करायला मला लाज वाटत नाही.

हा लेख पुरा करताना दादाला विचारलं, तुझ्याकडून काय शुभेच्छा लिहू? तो जेवत होता. हातातला घास संपवून म्हणाला:

"तिका सांग, इतक्यात म्हातारी होव नको. माझी दोन बोटां अजून उघडूची आसत."